एलिजिबल, क्वालिफाइड की कॉम्पिटंट? अर्जात कोणता शब्द लिहावा

गुहागर तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं आहे: "बाई, माझं जीएनएम झालं आहे. मुंबईच्या एका रुग्णालयात अर्ज करायचा आहे. मी लिहिलं, 'आय ॲम एलिजिबल नर्स'. भाऊ बोटीवर असतो, तो म्हणतो 'कॉम्पिटंट' लिही. मामा शाळेत शिक्षक आहेत, ते म्हणतात 'क्वालिफाइड' लिही. शब्दकोशात तिन्हींपुढे योग्य, पात्र, लायक हेच दिलं आहे. मग फरक काय, आणि मी लिहू काय?"

तुम्ही तिघांनी आपापल्या रोजच्या कागदांतला शब्द उचलला आहे. तू जाहिरातीत 'एलिजिबल' वाचलंस. मामांच्या खात्यात सगळा कारभार 'क्वालिफिकेशन'च्या रकान्यावर चालतो. आणि भाऊ ज्या कागदासाठी धडपडतो आहे, त्याचं नावच 'सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी'. शब्द तिन्ही चांगले आहेत, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. रत्नागिरीत मी बरीच वर्षं मुलांना नोकरीपुरतं इंग्रजी शिकवते आणि त्यांचे अर्ज तपासून देते. हॉटेल असो, बँक असो, बंदर असो की रुग्णालय, हाच घोळ सगळीकडे दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शब्दकोशाचा इथे फारसा उपयोग होत नाही, कारण आपला 'योग्य' फार मोठा शब्द आहे. 'योग्य उत्तर निवडा', 'योग्य ती कारवाई करावी', 'मुलीसाठी योग्य स्थळ', 'योग्य वेळी' या सगळ्यांत तो चालतो. इंग्रजीत या चार ठिकाणी करेक्ट, अप्रोप्रिएट, सुटेबल आणि राइट असे वेगवेगळे शब्द लागतात. 'लायक' आपण घरात जपून वापरतो, कारण कुणाची लायकी काढली की भांडण ठरलेलं, आणि 'नालायक' तर सरळ शिवीच. 'पात्र' हा सरकारी कागदातला शब्द, आणि 'अर्हता' तर जाहिरातीबाहेर कुणी उच्चारतही नाही. त्यामुळे मराठी अर्थ पाठ करून इंग्रजी शब्द निवडायला गेलीस की फसशील. त्यापेक्षा दर वेळी एकच विचार: हे कोणी ठरवलं? नियमाने ठरवलं असेल तर एलिजिबल. शिकवून, परीक्षा घेऊन संस्थेने ठरवलं असेल तर क्वालिफाइड. आणि तुझं काम डोळ्यांनी पाहणाऱ्याने ठरवलं असेल तर कॉम्पिटंट.

एलिजिबल आणि कॉम्पिटंट एका ओळीत पाहायचे तर भावाचंच उदाहरण घे. डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून बोटीवर ठराविक सी टाइम (समुद्रावर काढायचा काळ) भरला, अभ्यासक्रम झाले, वैद्यकीय तपासणीत फिट ठरला, की तो सेकंड मेट या अधिकारीपदाच्या परीक्षेला बसायला एलिजिबल होतो. एवढ्याने त्याला जहाज चालवता येतं असं कुणी म्हणत नाही, फक्त परीक्षेचं दार उघडतं. मग लेखी परीक्षा, आणि ज्याला सगळी मुलं घाबरतात ती तोंडी. तोंडी परीक्षेत समोरचा परीक्षक विचारतो: रात्र आहे, समोरून असे असे दिवे दिसताहेत, तू काय करशील? पाठांतर तिथे कामाला येत नाही. ते पार पडलं की डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगकडून सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी मिळतं. १९७८ चा एसटीसीडब्ल्यू नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या चौकटीत हे प्रमाणपत्र जगभर मानलं जातं. म्हणजे भावाच्या धंद्यात 'कॉम्पिटंट' ही कुणी स्वतःला द्यायची पदवी राहिलीच नाही. ती परीक्षकाने पारखून दिलेली, सही-शिक्क्याची गोष्ट झाली. म्हणूनच त्याच्या तोंडी तो शब्द मोठ्या मानाचा आहे, आणि म्हणूनच तुझ्या अर्जात तो जसाच्या तसा उचलता येत नाही.

आता तुझ्या वाक्याकडे येऊ. 'एलिजिबल नर्स' वाचणाऱ्याला अर्धवट वाटतं. एलिजिबलला शेपूट लागतं: एलिजिबल फॉर अमुक, किंवा एलिजिबल टू तमुक करणं. 'शी इज एलिजिबल फॉर द पोस्ट', 'ही इज एलिजिबल टू व्होट'. मराठीतही नुसतं 'मी पात्र आहे' म्हटलं तर ऐकणारा विचारतो, कशाला? वय, शिक्षण, रहिवास, जात प्रवर्ग, अनुभवाची वर्षं अशा मोजता येणाऱ्या अटी पुऱ्या झाल्या की माणूस एलिजिबल होतो. १८ वर्षं पूर्ण झाली की मतदानाला एलिजिबल, २१ पूर्ण झाली की ग्रामपंचायतीला उभं राहायला, २५ पूर्ण झाली की विधानसभेला. यात हुशारीचा, कामाचा, स्वभावाचा काही संबंध नाही. नामापूर्वी हा शब्द येतो तेव्हा अट आधीच सांगितलेली असते: 'एलिजिबल कँडिडेट्स मे अप्लाय'. एक अपवाद लग्नाच्या बोलण्यातला. 'एलिजिबल बॅचलर' म्हणजे वय, नोकरी, घर सगळं जमून आलेला, लग्नाचा मुलगा. तिथे शेपूट लागत नाही, कारण कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक असतं.

मामांना हे लगेच पटेल, कारण शिक्षकांच्या परीक्षेचं नावच टीईटी, म्हणजे टीचर एलिजिबिलिटी टेस्ट. १५० गुणांचा पेपर, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. पास झालं म्हणजे नोकरी लागली असं नव्हे. शिक्षक म्हणून अर्ज करायची वाट मोकळी झाली, इतकंच. डीएड किंवा बीएड ही त्या माणसाची क्वालिफिकेशन, टीईटीने आलेली ती एलिजिबिलिटी. नेट आणि नीट या परीक्षांच्या नावांतही हाच एलिजिबिलिटी शब्द बसला आहे.

आपल्या हापूसचंही असंच आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतला बागायतदार त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायला एलिजिबल आहे. पण नोंदणी केल्याशिवाय तो 'ऑथराइज्ड युजर' होत नाही, आणि पेटीवर मानांकनाचं चिन्ह लावू शकत नाही. बाग देवगडात असली तरी एलिजिबल आणि ऑथराइज्ड यांच्यामध्ये एक अर्ज आणि एक नोंदणी उभी असते.

एलिजिबलच्या स्पेलिंगबद्दलही सांगायला हवं, कारण ही चूक अर्जांत सर्रास दिसते. ई-एल-आय-जी-आय-बी-एल-ई हे एलिजिबल. आय-एल-एल-ई-जी-आय-बी-एल-ई असं लिहिलंस तर तो इलेजिबल होतो, आणि त्याचा अर्थ 'वाचता न येणारं अक्षर'. संगणक ही चूक लाल रेघेने दाखवत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. बोलताना जोर पहिल्या अक्षरावर, 'ए'वर दे. आपण 'लि'वर जोर देतो आणि मग ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो.

क्वालिफाइड हा तुझ्यासाठी जवळचा शब्द. 'अ क्वालिफाइड नर्स', 'अ क्वालिफाइड इलेक्ट्रिशियन' म्हणजे रीतसर शिकून उत्तीर्ण झालेली व्यक्ती. पण 'आय हॅव क्वालिफाइड जीएनएम' असं लिहू नकोस. परीक्षा पास करतात, पूर्ण करतात. क्वालिफाय माणूस होतो: 'आय क्वालिफाइड ॲज अ नर्स इन २०२३'. खेळात 'क्वालिफाइड फॉर द फायनल' चालतं, तिथेही संघच क्वालिफाय होतो, सामना नव्हे. आणि नर्सिंगमध्ये क्वालिफाइडच्या एक पायरी पुढे 'रजिस्टर्ड' आहे. अभ्यासक्रम संपल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली की तू रजिस्टर्ड नर्स अँड रजिस्टर्ड मिडवाइफ होतेस. अर्ज वाचणाऱ्या मेट्रनला, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेला, तुझ्या क्वालिफाइडपेक्षा हा रजिस्टर्ड जास्त हवा असतो, कारण तो क्रमांकावरून पडताळता येतो. 'क्वालिफाइड नर्स' लिहिणारीची नोंदणी अजून व्हायची आहे, असाही अर्थ काढला जाऊ शकतो. नोंदणी झाली असेल तर रजिस्टर्डच लिही.

क्वालिफाइडला एक दुसरा अर्थ आहे, तो बँकेत किंवा हिशेबाच्या कामाला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. ऑडिटरने 'क्वालिफाइड ओपिनियन' दिलं तर ती चांगली बातमी नसते. हिशेब एकूण ठीक आहेत, पण अमुक बाबीत आमची हरकत आहे, असा त्याचा अर्थ. स्वच्छ अहवाल असतो त्याला 'अनक्वालिफाइड ओपिनियन' म्हणतात. तसंच 'अनक्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे विनाअट, पूर्ण पाठिंबा. 'अनक्वालिफाइड' दिसला की वाईटच, असं धरून चालू नकोस. आधी पुढचं नाम बघ.

आता भावाचा कॉम्पिटंट. यावर मी जास्त थांबते, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज याचाच.

नर्सिंगमध्ये तो शब्द फार विचारपूर्वक वापरला जातो. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सिंग अभ्यासिकेने १९८४ मध्ये नर्सच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या: नॉव्हिस, ॲडव्हान्स्ड बिगिनर, कॉम्पिटंट, प्रोफिशंट, एक्सपर्ट. कॉम्पिटंट ही मधली पायरी. एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन-तीन वर्षं काढल्यावर नर्स तिथे पोहोचते, असं त्यांचं म्हणणं. वॉर्डात सहा पेशंट असतील तर आधी कुणाकडे जायचं, कोणतं काम तासभर थांबू शकतं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. नुकती पास झालेली मुलगी कितीही हुशार असली तरी त्या पायरीवर नसते, आणि मुलाखतीला बसलेल्या मेट्रनला हे पक्कं माहीत असतं. तेव्हा नव्या मुलीने स्वतःला कॉम्पिटंट म्हटलं की ते मेट्रनच्या कानाला खटकतं. पुढे कधी तुला ब्रिटनला जायचं झालं तर तिथे परदेशी नर्सला जी परीक्षा द्यावी लागते तिचं नाव 'टेस्ट ऑफ कॉम्पिटन्स'. एक भाग संगणकावर, दुसरा प्रत्यक्ष करून दाखवायचा. तिथेही ठरवणारा दुसराच.

याच शब्दाचा कायद्यातला अर्थ आणखी निराळा. तिथे कॉम्पिटंट म्हणजे कौशल्य असलेला असं नसून अधिकार असलेला. जातीच्या दाखल्यावर 'सक्षम प्राधिकारी' असतो, महामार्गाच्या भूसंपादनाच्या नोटिशीवर असतो, तो 'कॉम्पिटंट ऑथॉरिटी'. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ मध्ये करार करायला कोण कॉम्पिटंट हे सांगितलं आहे: सज्ञान, स्थिर बुद्धीचा, आणि कायद्याने मनाई नसलेला. तिथे करार चांगला करता येतो का, हा प्रश्नच नाही. प्रांत कार्यालयातला कॉम्पिटंट आणि बोटीवरचा कॉम्पिटंट हे दोन वेगळे शब्द आहेत असंच समज, अडणार नाही.

आणि रोजच्या इंग्रजीत कॉम्पिटंटचा सूर बऱ्याचदा कोमट असतो. नाटकाच्या परीक्षणात 'अ कॉम्पिटंट परफॉर्मन्स' लिहिलं तर चूक काही नाही, पण उठून दिसण्यासारखंही काही नाही, असं वाचणारा समजतो. 'ॲडिक्वेट' तर त्याहून खालचा, कसंबसं पुरलं. आपल्याकडे साहेबाच्या प्रमाणपत्रावर 'ॲडिक्वेट' दिसला की घरचे खूश होतात, पण इंग्रजी माणूस ते वाचून पुढे सरकतो. उलट नाव घेऊन, काम सांगून म्हटलं की कॉम्पिटंट चांगला वजनदार होतो: 'शी इज कॉम्पिटंट इन वूंड केअर'. मोघम वापरला की पातळ, नेमका वापरला की भक्कम.

नकारात हे शब्द आणखी दूर जातात, तिथे फार जपायला हवं. 'इनएलिजिबल' म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही. वय एक महिन्याने जास्त झालं, इतकंच. 'नॉट क्वालिफाइड' म्हणजे लागणारं शिक्षण नाही. पण 'इनकॉम्पिटंट' हा वर्मी लागणारा शब्द आहे, माणसाच्या कामावर थेट बोट. साहेबाबद्दल तक्रार लिहिताना मुलं तो सहज लिहून जातात आणि प्रकरण चिघळतं. 'डिसक्वालिफाइड' म्हणजे आधी शर्यतीत होता, मग नियम मोडला किंवा नियमात अडकला म्हणून बाहेर काढला. वयाच्या अटीमुळे अर्ज परत आला असेल तर 'आय वॉज डिसक्वालिफाइड' कधीच म्हणू नकोस. ऐकणाऱ्याला वाटेल, हिने परीक्षेत काहीतरी केलं. 'आय वॉज नॉट एलिजिबल बिकॉज ऑफ द एज लिमिट' म्हण, विषय तिथेच संपतो.

आजूबाजूचे बाकीचे शब्द झटकन सांगते. 'एबल'च्या मागे टू आणि क्रियापद येतं, 'एबल टू वर्क नाइट शिफ्ट्स'. 'केपेबल'च्या मागे ऑफ आणि आयएनजी, 'केपेबल ऑफ वर्किंग अलोन'. केपेबलमध्ये पुढची आशा असते, अजून केलं नाही पण करील. म्हणून शिफारसपत्रात तो शोभतो. बोटीवर एबलला वेगळं वजन आहे: ऑर्डिनरी सीमन मग एबल सीमन होतो, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या घरांत 'मुलगा एबी झाला' हे अभिमानाने सांगतात. जहाज प्रवासाला योग्य असेल तर त्याला 'सीवर्दी' म्हणतात, माणसाला नाही. 'स्किल्ड' हातकामाला, किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे जे वर्ग असतात त्यातला कुशल. 'प्रोफिशंट' भाषेला आणि संगणकाला. आपण 'हात बसला आहे' म्हणतो त्याच्या जवळ हाच येतो. 'सीझन्ड' म्हणजे मुरलेला, तो मुरलेल्या तांडेलाला शोभतो, नव्या मुलीला नाही. 'फिट' वैद्यकीय. 'सुटेबल' हे मालकाने म्हणायचं, अर्जदाराने नाही. 'आय ॲम सुटेबल फॉर युवर हॉस्पिटल' म्हणजे त्यांचा निर्णय तूच घेऊन टाकलास.

एरवी बोलताना इंग्रजी माणसं यांतले बरेच शब्द टाळतातच. मुलाखतीत 'आय ॲम कॉम्पिटंट' कुणी म्हणत नाही. 'आय हॅव डन धिस बिफोर', 'आय कॅन हँडल दॅट', 'आय ॲम युज्ड टू नाइट ड्युटी' असं म्हणतात. दुसऱ्याबद्दल सांगताना 'शी इज गुड ॲट हर जॉब', 'शी नोज हर वर्क', किंवा 'शी इज अप टू द जॉब', म्हणजे एवढं काम तिला पेलेल. आपणही कुणाला 'सक्षम परिचारिका' म्हणत नाही. 'तिच्या हाताला सुई टोचल्याचं कळत नाही' असं म्हणतो आणि त्यात सगळं येतं. तुझ्या अर्जातही तेच कर: विशेषण काढ आणि काम लिही.

तुझं वाक्य असं बदल. 'आय ॲम अ रजिस्टर्ड नर्स विथ अ डिप्लोमा इन जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी.' पहिलं वाक्य संपलं. त्यात एलिजिबल आलं, क्वालिफाइडही आलं, एकही न लिहिता. दुसरं वाक्य जिथे काम केलंस त्याचं: कोणता वॉर्ड, किती महिने, साधारण किती खाटा. तिसऱ्यात हाताने काय केलं आहेस: आयव्ही लावणं, औषधांची फेरी, प्रसूतीच्या वेळी मदत, जे खरं असेल तेच.

इथे कोकणातल्या मुली एक मोठी गोष्ट लिहायची विसरतात. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत साप चावलेले, विंचू चावलेले पेशंट येतात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देणारं डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम रायगड जिल्ह्यात महाडला झालं, ते याच किनारपट्टीतल्या पेशंटांवर. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातल्या अनेक नर्सनी असा पेशंट पाहिलेलाही नसतो. प्रशिक्षणात तू अशा पेशंटजवळ रात्र काढली असशील, नाडी आणि रक्तदाब पुन्हापुन्हा नोंदवला असशील, तर लिही: 'आय हॅव असिस्टेड इन द केअर ऑफ स्नेकबाइट अँड स्कॉर्पियन स्टिंग पेशंट्स.' मेट्रन त्या ओळीवर थांबेल आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच विचारील. उत्तर तुझ्याकडे तयार असेल, कारण ते तू पाहिलेलं आहे. तुला कॉम्पिटंट म्हणायचं की नाही, ते मग तिचं ती ठरवील.

एलिजिबल हा शब्द अर्जात एकाच ठिकाणी ठेव, तोही अट विचारली असेल तरच: 'आय मीट द एलिजिबिलिटी क्रायटेरिया मेन्शन्ड इन द ॲडव्हर्टाइझमेंट.' नोंदणी क्रमांक नावाच्या खालच्याच ओळीत घाल, शेवटी ढकलू नकोस. बेसिक लाइफ सपोर्टचं प्रमाणपत्र असेल तर त्यावरची तारीख बघ. ही प्रमाणपत्रं बहुधा दोन वर्षांनी संपतात. मुदत चालू असेल तर 'सर्टिफाइड इन बेसिक लाइफ सपोर्ट' लिही, संपली असेल तर 'ट्रेन्ड इन' लिही आणि वर्ष घाल.